मुलांच्या कॅज्युअल्टीतल्या सिस्टरचं नाव पुरस्कारासाठी सुचवताना

"सिस्टर देवासारख्या धावून आल्या. त्यांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही." एवढ्या दोन ओळींची पत्रं मी रुग्णालयाच्या नर्सिंग ऑफिसात कित्येक वर्षं वाचली. १२ मे, म्हणजे परिचारिका दिन जवळ आला की गठ्ठा बाहेर यायचा आणि समिती बसायची. लिहिणाऱ्याची भावना खरी असायची, पण त्या पत्रावरून कुणाचीही निवड करता यायची नाही, कारण सगळी पत्रं सारखीच. निम्म्यांत नाव नसायचं, उरलेल्यांत चुकीचं असायचं. शेवटी पुरस्कार तिला जायचा, जिच्या इन्चार्जला फॉर्म नीट भरता येतो.

लहान मुलांच्या तातडीच्या विभागात ही अडचण जास्तच. वॉर्डात सिस्टर चार दिवस भेटते, इथे वीस मिनिटं. त्यातली पंधरा मिनिटं आईबाप भेदरलेले असतात आणि त्यांना फक्त मूल दिसत असतं. म्हणून खालचे टप्पे क्रमाने घ्या. पहिले सहा पालकांसाठी आहेत, शेवटचे दोन विभागातल्या लोकांसाठी.

टप्पा १ : आधी टिपणं, पत्र नंतर

डिस्चार्ज मिळताच काउंटरवर उभ्याने पत्र लिहू नका. त्या वेळी फक्त "थँक्यू" सुचतं. पण महिनाभर थांबूही नका. घरी जाऊन एक झोप झाली की दोन-तीन दिवसांच्या आत टिपणं काढा. वाक्यं जुळवत बसू नका, तुकडे लिहा.

आठवणीवर सगळं सोपवू नका. केसपेपरवर नोंदणीची वेळ असते. औषधांच्या बिलावर वेळ असते. १०८ ला फोन केला असेल तर तो फोनमध्ये दिसतो. "पोचलो नऊ चाळीसला, औषध आणायला गेलो दहा पाचला" एवढं जमलं की मधल्या पंचवीस मिनिटांत काय काय झालं ते आपोआप आठवायला लागतं.

सोबत जे होते त्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. आईच्या मांडीवर बाळ असतं, बाबा काउंटरवर असतात आणि आजी बाकावर बसून सगळं बघत असते. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी माहिती आजीकडे निघते. "त्या पोरीने आधी दुरूनच बघितलं आणि आपल्याला रांगेतून काढलं" हे वाक्य एका आजीचंच होतं.

*तपासा :* टिपणांत किमान एक वेळ, एक कृती आणि सिस्टर प्रत्यक्ष बोलली ते एक वाक्य आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : व्यक्ती नक्की करा

सगळ्यात जास्त पत्रं इथेच बाद होतात. कॅज्युअल्टीत पांढरा कोट घातलेल्या प्रत्येक बाईला लोक "सिस्टर" म्हणतात आणि प्रत्येक पुरुषाला "डॉक्टर". तिथल्या निवासी डॉक्टर मुली याला कंटाळलेल्या असतात, ब्रदरना, म्हणजे पुरुष परिचारकांना, सवय झालेली असते. एका पत्रात ज्या "सिस्टरांनी" नळी घातली म्हणून कौतुक होतं, त्या बालरोग विभागाच्या डॉक्टर निघाल्या. दुसऱ्यात ज्या "डॉक्टर साहेबांनी" रात्रभर दर अर्ध्या तासाने मुलाला तपासलं, ते आमचे ब्रदर होते, आणि ते पत्र चुकीच्या टेबलावर पडून राहिलं.

डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची नावं असतात, सिस्टरचं नसतं. मग कसं शोधायचं? तारीख, पाळी आणि काम या तीन गोष्टी सांगा. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा पाळ्या असतात. खासगीत वेळा थोड्या वेगळ्या. "१४ तारखेची रात्रपाळी, साडेदहाच्या सुमारास ज्यांनी वजन करून सलाईन लावलं" एवढं सांगितलंत तर इन्चार्ज सिस्टर ड्यूटी लिस्ट आणि नोंदींवरच्या सह्या बघून दोन मिनिटांत नाव सांगतील. "उंच, चष्मा, हसतमुख" याचा काही उपयोग नाही. मास्कमध्ये सगळे सारखेच दिसतात.

पूर्ण नाव घ्या. एकाच विभागात दोन सुनीता आणि तीन शिंदे असणं अगदी नेहमीचं.

*सावधान :* नाव विचारताना कारणही लगेच सांगा. नुसतं "त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं?" म्हटलं की तक्रार आली असं वाटतं आणि सगळे गप्प होतात.

टप्पा ३ : काय बघायचं ते माहीत करून घ्या

पालक जे लक्षात ठेवतात आणि खरोखर जे मोलाचं असतं, त्यात बरंच अंतर असतं. पालकांना हसणं, चॉकलेट आणि एका फटक्यात लागलेली सुई आठवते. हे सगळं चांगलंच. पण असामान्य सिस्टर ओळखायची तर पुढच्या गोष्टी टिपणांत शोधा.

पहिल्या मिनिटाची नजर. मुलांच्या विभागात तरबेज सिस्टर हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघते : मूल आजूबाजूला बघतंय की मलूल पडलंय, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय का, आणि कातडीचा रंग कसा आहे. रडून आकांत करणारं मूल मागे राहतं आणि आईच्या खांद्यावर गप्प पडलेलं मूल पुढे घेतलं जातं. रांगेतल्या लोकांना हा अन्याय वाटतो. तुमचं मूल असं पुढे घेतलं गेलं असेल, किंवा तुम्हाला थांबवून दुसऱ्याचं घेतलं असेल आणि का ते नीट सांगितलं असेल, तर ते लिहा. श्वास मोजणंही यातलंच. अंगावरचं झबलं वर करून, घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. २ ते १२ महिन्यांच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धाप. गर्दीत पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे पुष्कळ. पूर्ण मिनिट देणारी वेगळी दिसते.

वजन आणि औषध. मुलांचे डोस वजनावर ठरतात, आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो. म्हणून "वजन किती?" याला "असेल दहा-अकरा किलो" हे उत्तर न स्वीकारता काट्यावर ठेवणारी, तोंडी सांगितलेला डोस मोठ्याने परत म्हणून खात्री करणारी, दुसऱ्या सिस्टरला सिरिंज दाखवून मगच देणारी सिस्टर सोन्यासारखी. पालकांना हे वेळखाऊ वाटतं. आणखी एक प्रश्न आठवून बघा : "घरी पॅरासिटामॉल किती वाजता दिलं, आणि ड्रॉप्स की सिरप?" आपल्याकडे ड्रॉप्समध्ये एका मिलिला १०० मिलिग्रॅम असतं आणि नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिला साधारण १२० मिलिग्रॅम. म्हणजे ड्रॉप्स चौपट तीव्र. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजलेलं बाळ ज्या सिस्टरच्या एका प्रश्नाने लक्षात आलं, तिच्याबद्दल कुणी पत्र लिहीत नाही, कारण घरच्यांना त्यात आपलीच चूक दिसते. लिहा. समितीला तुमच्या चुकीत रस नसतो.

परत येऊन बघणं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर खरी पारख इथेच होते. औषध सगळेच देतात. वाफ दिल्यावर वीस मिनिटांनी कुणी न बोलावता येऊन पुन्हा श्वास मोजणारी, सलाईनच्या हाताला सूज नाही ना ते बोटाने दाबून बघणारी, ताप उतरलेल्या मुलाला "आता खेळतंय का?" विचारणारी कमी. आकडी आली तर सुरू झाल्याची वेळ पाटीवर किंवा हातावर लिहून ठेवणारी तर अजून कमी. पाच मिनिटांपलीकडे गेलेल्या आकडीचं सगळं गणित त्या वेळेवर चालतं. कोकणात विंचूदंशाचं मूल येतं तेव्हाही हेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिनची गोळी सगळीकडे माहीत झाली, पण गोळी दिल्यानंतर मूल आडवं राहील याची काळजी घेणं, हातपाय गार पडताहेत का, नाडी आणि रक्तदाब काय म्हणतोय, हे तासनतास बघणं सिस्टरकडे असतं.

तुमच्याशी बोलणं. "घाबरू नका" म्हणणं सोपं. "आता मी हात धरणार, बाळ जोरात रडेल, तुम्ही डोक्याशी थांबून त्याच्याशी बोलत राहा" असं म्हणून आईला काम देणं अवघड. जुलाबाच्या बाळाला ओआरएस चमच्या-चमच्याने कसं पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू कसं द्यायचं, हे शेजारी बसून करून दाखवलं असेल तर ते शब्दशः लिहा.

सुईबद्दल एक शब्द. सुकलेल्या बाळाची शीर सापडणं हे कौशल्य आहेच. पण दोनदा प्रयत्न करून "मला मिळत नाही, मी दुसऱ्यांना बोलावते" म्हणणारी सिस्टर मला पाच वेळा टोचणारीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

टप्पा ४ : एकच प्रसंग, तीन प्रश्न

आता पत्र. सगळा मुक्काम लिहू नका. एक प्रसंग निवडा आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्या : तिने काय पाहिलं? तिने काय केलं? त्यामुळे पुढे काय बदललं?

हा एक रचलेला नमुना. आधी नेहमीचं पत्र :

"आमच्या बाळाला खूप त्रास होत होता. सिस्टरांनी अतिशय प्रेमाने आणि तत्परतेने सेवा केली. त्या खऱ्या अर्थाने देवदूत आहेत. त्यांना पुरस्कार मिळावा ही नम्र विनंती."

आणि त्याच रात्रीचं दुसरं :

"आमचं बाळ आठ महिन्यांचं. रात्री ९.४० ला आलो तेव्हा पुढे अकरा जण होते. बाळ रडत नव्हतं म्हणून आम्हाला वाटलं झोपलंय. सिस्टर दुसऱ्या मुलाला घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या, बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळ बघत श्वास मोजले. ६४ होते. त्यांनी आम्हाला तसंच उचलून आत नेलं, ऑक्सिजन लावला आणि मग डॉक्टरांना हाक मारली. बाहेरचे लोक ओरडत होते, त्यांना त्या म्हणाल्या, 'हे बाळ रडत नाहीये म्हणूनच आधी घेतलंय.' बाळ चार दिवस दाखल होतं. त्या रात्री १०.१५ ला आणि १०.४० ला त्यांनी परत येऊन श्वास मोजले आणि दोन्ही वेळा आकडा आम्हाला सांगितला."

दुसऱ्या पत्रात एकही विशेषण नाही. तरी समितीतला प्रत्येक जण ते वाचून मान वर करील. शिवाय त्यातला प्रत्येक आकडा रुग्णालयाच्या नोंदीशी ताडून बघता येतो.

लांबी एक पान पुरे. मराठीत लिहा, हाताने लिहिलं तरी चालेल. खासगी रुग्णालयात इंग्रजीच लागेल असं समजून कुणाकडून तरी पत्र लिहून घेतात आणि मग त्यात "डेडिकेटेड" आणि "कंपॅशनेट" एवढेच शब्द उरतात.

*तपासा :* पत्रातून सिस्टरचं नाव झाकून वाचा. ते दुसऱ्या कुठल्याही सिस्टरला लागू पडत असेल तर पुन्हा लिहा.

टप्पा ५ : काय वगळायचं

दुसऱ्याची तक्रार. "डॉक्टर फिरकले नाहीत, पण सिस्टरांनी सांभाळलं" हे वाक्य आलं की पत्र तक्रार विभागात जातं, आणि जिचं कौतुक करायचं होतं तिलाच जबाब द्यावा लागतो. तक्रार असेल तर जरूर करा, पण वेगळ्या कागदावर.

सिस्टरने न केलेल्या गोष्टी. "त्यांनीच औषध ठरवलं" असं भारावून लिहिलं तर तिने आपल्या अधिकाराबाहेर काम केलं असा अर्थ निघतो. "त्यांनी डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं" असं असेल तर तसंच लिहा.

मुलाचा फोटो, आजाराचं नाव गाजवणं, सिस्टरचा मोबाइल नंबर, तिच्यासोबतची सेल्फी व्हॉट्सॲप ग्रुपवर. हे सगळं टाळा. पाकीट तर नकोच. सरकारी नोकरीत ते तिला अडचणीत आणतं. पेढे द्यायचे तर सगळ्या पाळीला द्या, मामा आणि मावशींसकट, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांसकट.

आणि एक नाजूक गोष्ट. मूल वाचलं नाही तरी पत्र लिहिता येतं. असं पत्र मी दोनदा वाचलं आहे. दोन्ही वेळा समितीत कुणीतरी म्हणालंच की "केस तर गेली, पुरस्कार कसा द्यायचा?" हा प्रश्न चुकीचा आहे. त्या क्षणी जे दिसत होतं त्यावर तिने काय केलं, एवढंच बघायचं असतं. तुमची लिहायची ताकद असेल तेव्हाच लिहा. वर्षाने लिहिलंत तरी चालेल.

टप्पा ६ : कुठे आणि कसं द्यायचं

सूचनापेटीत टाकू नका. तिची किल्ली कुणाकडे आहे हे बहुतेक रुग्णालयांत कुणालाच माहीत नसतं.

सरकारी रुग्णालयात पत्र अधिसेविकांच्या, म्हणजे मेट्रनच्या नावे लिहा. प्रत वैद्यकीय अधीक्षकांना, जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांना, वैद्यकीय महाविद्यालय असेल तर अधिष्ठात्यांना. आवक-जावक टेबलावर देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेलं पत्र सरकारी कार्यालयात जन्मालाच आलेलं नसतं. पत्राच्या शेवटी एक ओळ घाला : "या पत्राची प्रत संबंधित अधिपरिचारिकांना द्यावी आणि त्यांच्या वैयक्तिक नस्तीत ठेवावी." नस्ती म्हणजे फाइल. सिस्टर कंत्राटी असेल तर ही ओळ दुप्पट महत्त्वाची. पुढच्या मुलाखतीत दाखवायला तिच्याकडे असा दुसरा कागद क्वचितच असतो.

खासगी रुग्णालयात नर्सिंग सुपरिटेंडेंटच्या नावे द्या, ईमेलही करा. गूगलवर तारे देणं हा वेगळा विषय. त्याचा फायदा रुग्णालयाला होतो, सिस्टरला नाही.

राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार मनात असेल तर लक्षात घ्या की केवळ पालकांच्या पत्रावर तो ठरत नाही. सेवेची कागदपत्रं आणि शिफारशी लागतात. तुमचं पत्र तिथे जोडपत्र म्हणून उपयोगी पडतं, आणि म्हणूनच ते नस्तीत असायला हवं.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी थोडक्यात. अमेरिकेत पुष्कळ रुग्णालयांत परिचारिकांसाठीच्या डेझी पुरस्काराचा फॉर्म असतो आणि तो रुग्ण किंवा नातेवाईक भरू शकतात. तिथेही वरचे तीन प्रश्नच कामी येतात. ब्रिटनमध्ये एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयातल्या 'पाल्स' या रुग्ण-मदत कक्षाकडे कौतुकही नोंदवता येतं, नुसत्या तक्रारी नाही. तिथल्या परिचारिकांना दर तीन वर्षांनी नोंदणी टिकवताना कामावरचे पाच अभिप्राय दाखवावे लागतात, त्यात तुमचं पत्र मोजलं जातं.

*तपासा :* महिन्याभरात पोच आली नाही तर आवक क्रमांक सांगून एक फोन करा. एकच. पत्र सिस्टरपर्यंत पोचलं का एवढंच विचारा, निकाल विचारू नका.

टप्पा ७ : इन्चार्ज आणि सहकाऱ्यांनी नाव सुचवताना

इथली सगळ्यात जुनी चूक म्हणजे पाळीपाळीने पुरस्कार. "मागच्या वर्षी एनआयसीयूला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला) दिला, या वर्षी कॅज्युअल्टीचा नंबर, आणि त्यात निवृत्तीला आलेल्या कोण?" असं झालं की तरुण सिस्टर फॉर्म वाचतसुद्धा नाहीत. सेवेची वर्षं मोजायला वेगळा सन्मान ठेवा.

दुसरी चूक, बायोडाटा चिकटवणं. प्रशिक्षणांची यादी म्हणजे काम नव्हे. तिने ते शिकून विभागात काय बदललं ते लिहा : मुलांच्या आकाराचे मास्क एका वेगळ्या ट्रेमध्ये लावले, वजनानुसार डोसचा तक्ता भिंतीवर आणला, दर पाळीच्या सुरुवातीला सक्शन, म्हणजे घशातला कफ ओढून घेणारं यंत्र, चालू करून बघायची सवय लावली. अशा गोष्टी पालकांना कधीच दिसत नाहीत. म्हणून त्या लिहिणं तुमच्याकडे.

तिसरी, दाराशी बसणाऱ्या सिस्टरला विसरणं. जी येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्यांदा बघून कोण आधी, कोण नंतर हे ठरवते, ती कुणासोबत दोन मिनिटांपेक्षा जास्त नसते. तिला पत्रं येत नाहीत, शिव्या येतात. रात्रपाळीचंही तसंच. पत्रांचा गठ्ठा हाच एकमेव निकष ठेवलात तर ही दोन माणसं कायम बाहेर राहतील.

निवडताना नोंदी काढून बघा, आणि मामा-मावशींना विचारा. पहाटे तीनला कोण उठून बघतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

टप्पा ८ : देताना

१२ मेच्या कार्यक्रमात रात्रपाळी उतरलेल्या सिस्टरला अकरा वाजेपर्यंत भाषणं ऐकत बसवू नका. मी स्वतः अशा कार्यक्रमात डुलक्या काढल्या आहेत आणि माझ्या शेजारी त्या दिवशीची सत्कारमूर्ती गाढ झोपली होती.

सकाळी आठला किंवा रात्री आठला, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्या समोर असतात. तिथेच, विभागातच द्या. पाच मिनिटं. "उत्कृष्ट सेवेबद्दल" असं न म्हणता प्रसंग मोठ्याने वाचा : आठ महिन्यांचं बाळ, चौसष्ट श्वास, दहा पंधराला परत मोजले. मुलाचं नाव घेऊ नका. पालकांना बोलवायचं तर आधी सिस्टरला विचारा. काही जणींना त्या कुटुंबाला पुन्हा भेटायचं असतं, काहींना नसतं.

फोटो काढण्याआधी एकदा बाहेरच्या बाकाकडे बघून घ्या. रांग असेल तर फोटो नंतर.